पान एकोणीस

पेपरला पाऊण तास होता. जिन्याखालच्या झेरॉक्सच्या टेबलापाशी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली पुटपुटत पाठ करत उभ्या होत्या. शेजारून जाताना शेवटच्या वर्षातल्या एका मुलीची नजर त्यांच्यातल्या एकीच्या हातातल्या पान एकोणीसवर गेली, आणि ती जागच्या जागी थिजली.

लहान मुलांच्या औषधांचा तक्ता. अक्षर तिचंच. घाईत शून्य गाळून, नुसतं टिंब देऊन तिने पाच लिहिलं होतं: पॉइंट पाच. झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, तिचीही निघाली, या हातातून त्या हातात पान फिरत गेलं, आणि वाटेत कुठेतरी ते टिंब पुसलं गेलं. अर्ध्या मिलीचे पाच मिली झाले.

तिने पेन काढलं. "इथे पाचच्या आधी टिंब दे."

मुलीने पान छातीशी धरलं. "ताईच्या नोट्स आहेत या. ताई चुकत नाही."

"अगं, मीच ती ताई."

मुली हसल्या. "परवा कँटीनमध्येही एक ताई भेटली होती," दुसरी म्हणाली. "आम्ही तिला चहासुद्धा पाजला."

तिला ओळखणार तरी कोण? पहिल्या पानावर तिने एवढंच लिहिलं होतं: 'फुकट घ्या, फुकट द्या. – ताई.' नाव घालायला लाज वाटली होती.

मग ती एकेकीला गाठत सुटली. समजावलं, रागावली, शेवटी हात जोडले. काहींनी ब्याद टळावी म्हणून टिंब दिलं. एकीने, ऐन पेपरच्या तोंडावर डोकं खाऊ नका, म्हणून सुनावलं. घंटा झाली. मुली आत गेल्या, परीक्षेच्या हॉलचं दार लागलं.

झेरॉक्सवाल्या काकांनी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. एका मार्काने कुणी मरत नाही, म्हणाले. तेच पान तर केव्हापासून जातंय.

"केव्हापासून, काका?"

"वर्ष झालं की. दुसऱ्या वर्षाच्या पोरी आता वॉर्डात जातात ना, त्यांनी तर बारीक करून नेलंय. खिशात मावेल असं."

ती उठली कधी, पटांगण ओलांडलं कधी, तिचं तिला कळलं नाही. मुलांचा वॉर्ड तळमजल्यावर होता. खिडकीची काच बंद. आत दुसऱ्या वर्षातली एक पोर एका पाळण्यावर वाकली होती. ताईने दोन्ही हातांनी काच बडवली.

पोरीने वर पाहिलं. सकाळपासून तिला ओळखणारी ही पहिलीच; हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतली, नोट्स लिहिताना तिने ताईला पाहिलं होतं. पोर हसली, खिशावर थोपटून तिने काचेआडूनच ताईपुढे मान झुकवली, आणि हातातली सिरिंज उजेडात धरून पाहिली.

पाच मिलीची सिरिंज काठोकाठ भरलेली होती.