मागच्या सीटवरचा माणूस

चढ लागला आणि मास्तरांनी नेहमीप्रमाणे पायांतला जोर काढून घेतला. मागच्या सीटवरच्या ओताऱ्याला ते साखळीतून कळले. ओतकामाच्या भट्टीने डोळे नेल्यापासून त्याला पुष्कळ गोष्टी लोखंडातूनच कळत. त्याने मांड्या आवळल्या, श्वास खोल ओढला आणि दोन माणसांचे वजन एकट्याच्या पायांवर घेतले.

ही जोडसायकल सायकल सहकारी संस्थेच्या शेडमध्ये जन्मली होती, दोन भंगार सायकली कापून आणि सांधून. पुढे हँडल आणि ब्रेक. मागे नुसती धरायला मूठ. दोघांची पेडले एकाच साखळीला बांधलेली. एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोघे सारखेच राबताना दिसत. कोण ओढतो आणि कोण ओढला जातो, हे त्या दोघांनाच ठाऊक. मास्तरांची छाती थकू लागली तेव्हा एक शब्दही न उच्चारता करार झाला होता: डोळे तुझे, पाय माझे. ओताऱ्याला त्यात काही गैर वाटले नव्हते. घरी सून त्याला पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा उठू देत नसे. आठवड्यातून एकदा, संस्थेच्या फेरीत, या चढावर, तो कुणाला तरी नेत होता.

पण आज निघताना शेडमध्ये सेक्रेटरीबाई म्हणाल्या होत्या, "मास्तर, ही जोडसायकलची शेवटची फेरी हं. मोडून परत दोन करायच्या, असं बहुतेकांचं मत पडलंय. या वयात तुम्ही किती ओढणार?"

"काका, उतारावर तरी पाय मारता ना?" पंक्चरवाल्याने ओताऱ्याला विचारले. सगळे हसले.

एका वाक्याचे काम होते. ते ऐकण्यासाठी ओताऱ्याने मान तिरकी केली. मास्तरांनी घसा खाकरला. "चालायचंच," ते म्हणाले. "एकदा अंगावर घेतलं ते घेतलं."

ते शब्द आता चढाबरोबर जड होत चालले होते. "डावीकडे खड्डा," मास्तर पुढून सांगत होते. "आता वळण." त्यांच्या आवाजात दम लागल्याचा मागमूस नव्हता. ओताऱ्याच्या छातीत काहीतरी तापत तापत पातळ झाले आणि साच्याबाहेर सांडले.

"तू त्यांना सांगणार आहेस की नाही?"

"वर पोचू दे रे. पाय मार."

"मार की तूच," ओतारी म्हणाला आणि त्याने जोर सोडला.

सायकल थोडी पुढे सरकली, डुगडुगली. पुढे मास्तरांनी जोर लावून पाहिला. त्यांच्या श्वासात शिट्टी वाजू लागली. हँडल वाकडे झाले आणि दोघेही कसेबसे पाय टेकून उभे राहिले. मागून येणाऱ्या सभासदांच्या सायकलींचे ब्रेक करकरले, त्यांच्यामागे सामानाचा टेम्पो थांबला. पावले धावली.

"मास्तरांना धरा! पाणी आणा कुणीतरी!"

ओतारी ताठ उभा होता. घाम वाऱ्यावर गार होत होता. आता तरी सगळ्यांना दिसले असेल, असे त्याला वाटले.

मास्तर पाणी प्यायले.  त्यांचे शब्द तुटक होते, पण स्वच्छ होते.

"ऐका माझं. ओढत होता तो. कधीपासूनचा. मी नुसता हँडल धरून बसतो. त्यानं पाय थांबवले म्हणून सायकल थांबली."

  ओताऱ्याने मास्तरांचा खांदा शोधायला हात पुढे केला.

"ऐकलंत?" सेक्रेटरीबाईंचा आवाज भरून आला होता. "धड श्वास घेता येत नाहीये, तरी मोठेपणा काकांच्या पदरात! याला म्हणतात माणूस."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"अहो, खरं सांगतोय मी," मास्तर म्हणाले. टाळ्या वाढल्या.

"खरं बोलतोय तो!" ओतारी ओरडला. "मीच ओढली!"

एक मऊ हात त्याच्या दंडाखाली शिरला, त्याला सामानाच्या टेम्पोच्या दिशेने वळवू लागला, आणि लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "हो काका, तुम्हीच ओढली हं."