डावा गुडघा

पहिल्याच चेंडूला हिरामणने नवशाच्या डाव्या गुडघ्यावर लाथ घातली. नवशा आडवा. रेफ्रीने शिट्टी काही वाजवली नाही. होतं असं खेळात, म्हणत नवशा उठला आणि चड्डीची धूळ झटकली.

चौऱ्याहत्तर सालची फुटबॉलची फायनल. शुक्रवार, कापडाच्या लूमला सुट्टी, त्यामुळे नारपोलीची अख्खी वस्ती मैदानात लोटलेली. नवशा शेठच्या कारखान्याच्या टीमचा फॉरवर्ड. गोल मारतोय तोवर ड्युटी पक्की, हे शेठने त्याला तोंडावर सांगितलेलं. समोर पिवळ्या बनियनमध्ये हिरामणच्या बाजूने दामू. गेल्या सालापर्यंत तो नवशाबरोबर खेळायचा, पास द्यायचा तोही नेमका उजव्या पायावर. यंदा पलीकडच्या कारखान्याच्या मालकाने त्याला जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम केलं आणि तो तिकडे गेला. नवशाला वाईट वाटलं नव्हतं. उलट त्यानेच चाळीत पेढे वाटले होते, वेडा कुठला!

हिरामण पुन्हा अंगावर आला. चेंडू उजवीकडे होता आणि हा बाबा आला डावीकडून.

हा गुडघा कामातून गेलाय हे नवशाने बायकोलाही कळू दिलं नव्हतं. जाणणारा माणूस एकच. दर सुट्टीला त्याला एसटीने वज्रेश्वरीला नेणारा, गरम कुंडात पाय सोडून बसवणारा, आणि कुणाला सांगू नकोस म्हणून वर त्यालाच दटावणारा.

छे, दामू नाही असं करायचा. नवशाने मनाची समजूत घातली आणि चेंडू घेऊन गोलकडे निघाला. तेवढ्यात पाठीमागून दामूचाच आवाज आला.

"डावा धर, हिरामण. डावा."

लाथ बसली. गुडघ्यात कट्‌कन वाजलं. उठायला गेला तर पाय टेकेना. शेठ खुर्चीवरून उठले आणि मोटारीकडे चालू लागले.

दामू धावत आला. काखेत हात घालून त्याला उचलू लागला. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं मेल्याच्या. हळूच म्हणाला, "येत्या सुट्टीला जाऊ वज्रेश्वरीला. शेकला का बरा व्हईल."

नवशाने त्याचा हात काखेतून काढला.

"जाऊ की," तो म्हणाला. "मी गुडघा शेकीन. तू काय शेकशील?"