शिखरावरचं पहिलं पाऊल

ज्वालामुखीच्या पायथ्याशी नवी पाटी लागली होती. वाटाड्या आदिल्सन ती पाहुण्यांना वाचून दाखवत होता, "सत्तर वर्षांपूर्वी या साहेबांनी शिखरावर पहिलं पाऊल ठेवलं."

शेजारी बकरीचं चीज विकत बसलेली म्हातारी झुल्मिरा ताडकन उठली. "पहिलं? त्याचं बोचकं डोक्यावर घेऊन माझी आई पुढे चालत होती. शेवटच्या कड्यावर तिनंच त्याला हात धरून वर ओढलं."

आदिल्सन वरमला. "आजी, तिचं नाव सांगा. उद्यापासून तेही सांगत जाईन."

"बिबियाना." झुल्मिराने पाटीवर बोट रोखलं. "दहा दिवस तिच्या हातचा मका-घेवड्याचा कचुपा जेवला मेला. नाव एकदाही विचारलं नाही."