कारवीचं सातवं वर्ष

भर दुपारी डॉ. निमकर उघड्या डोक्याने डोंगर चढून आले, तेव्हा ठमाबाई आपल्या कुडाच्या घरात सावलीला बसली होती. दहानंतर उन्हात गेलं की तासाभरात कातडी भाजून निघायची. निमकरांना भीती नव्हती. याच डोंगरावरच्या कारवीच्या झुडपांपासून त्यांनी कातडीवर जगणारा, वाढणारा लेप बनवला होता. एकदा लावला की झालं. निम्म्या देशाने तो लावला होता. ठमाबाईने स्वतःला लावू दिला नव्हता.

"मावशी, जाहिरातीसाठी तुमचा फोटो हवाय," मान खाजवत ते दारातूनच म्हणाले. "पारंपरिक ज्ञान म्हणून."

"ग्यान?" ठमाबाई फणकारली. "मला कवा इचारलंत? तुमची मान्सं आली, कारवी कापून गाडीत भरली, आन वर माझ्या कारवीच्या कुडाला हसून गेली."

"बरं, आता विचारतो. बोला."

"लेप लावून किती वर्सं झाली?"

"सात. सगळ्यात आधी मीच लावला."

तिने त्यांच्या मानेकडे पाहिलं. कॉलरच्या वर इवल्या जांभळ्या कळ्या फुटल्या होत्या.

"कारवी सात वर्सांनी एकदाच फुलती, सायेब. फुलली की मरती. आमच्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय हे."

निमकरांनी मानेवरून हात फिरवला. वाळल्या पानासारखा लेपाचा पापुद्रा हातात आला आणि खालच्या कोवळ्या कातडीला ऊन चटकन डसलं.

ठमाबाई दारातून जरा बाजूला सरकली.

"या आत. भिंती कुडाच्याच हायेत. हसू नका म्हंजे झालं."