चिमीची मिठी

ऐका ना, ताईचं आयुष्यभराचं संशोधन एकाच गोष्टीवर उभं होतं: ऑक्टोपस माणूस ओळखतो. तिनं पिल्लापासून वाढवलेली चिमी तिच्या मनगटाला मिठी मारायची आणि परक्यावर मात्र पाण्याची पिचकारी!

आज पाहुण्यांसमोर ताईनं टाकीत हात घातला, तर चिमीनं पिचकारी थेट तिच्याच तोंडावर मारली.

"काय गं, मला विसरलीस?" ताई कसनुसं हसली.

"वा! काय मिठी मारलीय!" टाकीच्या काचेकडे बघत पाहुण्यांमधले तिचे सर टाळ्या वाजवायला लागले.

ताईनंही काचेत आपलं प्रतिबिंब पाहिलं. काचेतल्या ताईचं तोंड कोरडं होतं, आणि चिमी तिच्या मनगटाला बिलगली होती.

"सर, मी इथं आहे!"

सरांनी काचेतल्या ताईलाच विचारलं, "तुझ्यासमोर ही ओली बाई कोण गं?"