जागल्यासमोरचं शून्य

"काढून टाक त्याला," मास्तर म्हणाले. "तुझी मोजणी लावून चाळीस दिवस झाले. एकदा तरी कुणी हाक मारली का?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. जागल्यासमोर शून्यच होतं.

दवाखान्यातले सगळे औषधाचे पंप एकाच प्रोग्रामवर चालत. प्रत्येक पंपाला सांभाळणारा प्रोग्रामचा एक तुकडा, म्हणजे ऑब्जेक्ट, आणि सगळ्यांमागे हा म्हातारा जागल्या. पंप पेंगला की जागल्याला हाक जायची आणि तो पंपाला हलवून उठवायचा.

चालत्या प्रोग्राममध्ये कोण कुणावर किती टेकून आहे, हे मोजायचं काम तिचं. तिची मोजणी दर सेकंदाला प्रत्येकाला हटकायची, "कुणाला हाक मारलीस?" पेंगत असला तरी उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे.

"काढला तर परत बसवायला दोन तास लागतील," ती म्हणाली. "वर माझे अण्णा अशाच एका पंपावर आहेत, मास्तर. पंप दोन मिनिटं थांबला तर संपलं सगळं."

"तुझी मोजणी खोटी आहे का?"

"नाही."

"मग? बसून खाणाऱ्याला किती दिवस पोसायचं? आणि काय गं, यादीत तुझ्या मोजणीचं नाव नाही ते?"

"मोजणीलाच कशाला मोजू?"

ती वर अण्णांकडे गेली. पंपावरून तिची नजर हटेना.

"एवढी काय घाबरतेस गं?" अण्णा म्हणाले. "आजारी मी आहे की तू?"

नर्सनं चादर सारखी केली. "ताई, पूर्वी हा पंप मधेच अडखळायचा. महिना उलटून गेला, एकदाही नाही."

"नव्या वायरी घातल्यात ना," तिनं खाली येऊन हे सांगितल्यावर मास्तर म्हणाले.

भर दुपारी तिनं जागल्याला काढलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अर्धा तास झाला. एकही पंप अडखळला नाही. तिनं वर फोन लावला.

"अण्णा खिडकी उघड म्हणून भांडताहेत," नर्स हसत म्हणाली.

तिला रडूच फुटलं.

"पडला जीव भांड्यात?" मास्तरांनी तिच्या खांद्यावर थाप मारली. "आता तुझी मोजणीही पुसून टाक. काम झालं, उगाच प्रोग्रामवर ओझं."

फोन कानाशी तसाच धरून, दुसऱ्या हातानं तिनं मोजणी पुसली. डोळेही पुसले.

"ताई," पलीकडून नर्स म्हणाली, "पंप थांबला बघा आत्ता. पण घाबरू नका हं, पूर्वीही असाच थांबायचा. आपला आपणच उठतो."