सगुणाबाईंचा पट्टा

भात लावताना प्रत्येकीच्या वाट्याला सारख्याच रुंदीचा पट्टा येतो, पण सगुणाबाईंचा पट्टा दरवर्षी थोडा अरुंद होत गेला. गुंजवण्यातली ही बायकांची टोळी त्यांनीच जमवलेली. त्यांचा हात मंदावला तशा शेजारच्या दोघी गुपचूप त्यांच्या वाटणीची रोपं लावू लागल्या. ‘आता थांबा’ असं त्यांना सांगायचं टोळीत केव्हाच ठरलं होतं, पण दर पावसाळ्यात जी ती ते दुसरीवर ढकलायची.

आज सगुणाबाई आपला पट्टा लावून सगळ्यांच्या आधी बांधाला पोचल्या.

“आत्या, तुमच्या हाताला तोड न्हाई बगा,” प्रेरणा म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सगुणाबाईंनी समोरच्या आपल्या हातभर रुंद पट्ट्याकडे पाहिलं.



“कुनीतरी सांगंल म्हनून लई वाट बगितली गं. उद्यापासनं म्या न्हाई येनार.”